माजघरातला उजेड: गावच्या बंद घरात झालेल्या चोरीचं एक प्रकरण

हे आमच्याच घरातलं प्रकरण आहे. गावाचं आणि तालुक्याचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही नाहीत, नुसती नाती ठेवलीयत. सिंधुदुर्ग जिल्हा, समुद्रापासून पाच-सहा किलोमीटर आत, एवढं पुरे. मुंबईत राहून गावचं घर कुलूप लावून ठेवणारे आमच्यासारखे हजारो आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्या वाडीत असलं काही होत नाही, आम्हालाही तेच वाटायचं.

पार्श्वभूमी

घर आजोबांच्या वेळचं. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मग ओटी, मधे माजघर, बाजूला देवघर आणि मागीलदारी न्हाणीघर. माजघराच्या वर माळा, तिथे चढायला लाकडी जिना आणि तोंडाशी एक झडप. घर सामाईक. मोठे काका डोंबिवलीला, आम्ही ठाण्याला, एक चुलत भाऊ विरारला आणि आत्या पुण्याला. शिमगा, मे महिना आणि गणपती एवढ्यालाच घर उघडतं. मिरग लागायच्या आत सगळे परत, की थेट गणपतीत.

चावी शेजारच्या काकूकडे, भावकीतलीच आहे. गडग्यापलीकडे तिचं घर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर, पण मधे फणस आणि दोन आंबे, त्यामुळे पावसाळ्यात झाडं गच्च झाली की तिच्या खळ्यातून आमचं मागीलदार दिसत नाही. काकूने मधेमधे जाऊन बघायचं असं ठरलेलं. ठरलेलं म्हणजे काय, कुणी ठरवलं नव्हतं, पैसे वगैरे दिले नव्हते, गणपतीला साडी आणि मुंबईची मिठाई एवढाच व्यवहार.

काका तसे सावध माणूस. २०२३ च्या गणपतीत त्यांनी पुढच्या दाराला बाराशे रुपयांचं पितळी कुलूप आणलं, कारण खाऱ्या हवेत लोखंडी कुलूप दोन पावसाळ्यांत गंजून बसतं, चावीच फिरत नाही. पडवीत एक वायफाय कॅमेराही लावला. मोबाईलवर घर दिसायला लागल्यावर आम्ही सगळे इतके खूश की फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी कुणी ना कुणी पडवीचा फोटो टाकायचं.

२०२४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे मुंबईला परतलो.

काय झालं

९ जूनला गावाकडे विजा झाल्या आणि कॅमेरा ऑफलाइन गेला. राउटरचा अडॅप्टर उडाला असणार, कोकणात ज्याच्याकडे इंटरनेट आहे त्याला हा अनुभव असतोच. काकूला सांगून बघायचं होतं पण तिला त्या डब्यातलं काय कळणार, म्हणून काका म्हणाले मी जुलैत जातोच आहे. २१ जूनला वटपौर्णिमा होती, त्या दिवशी काकू घर उघडून आत गेली, देवघरात दिवा लावला, केर काढला. सगळं जागच्या जागी होतं. घर धड असल्याची ही शेवटची खात्रीची तारीख.

काकांचं तिकीट १४ जुलैच्या रात्रीचं. त्याच दिवशी संध्याकाळी खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड आली आणि कोकण रेल्वे बंद पडली. गाडी रद्द. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईन सुरू झाली, पण काका म्हणाले आता एकदम गणपतीलाच.

जुलैच्या शेवटी काकूच्या मुलाला बांधावरून येताना आमच्या घराची मागची बाजू दिसली आणि कौलं हललेली दिसली. त्याच्या मनात आलं, "माकडांचा काम ता". आमच्याकडे माकडांची टोळी कौलांवरून उड्या मारत जाते, दर वर्षी पंधरा-वीस कौलं फुटतात, त्यामुळे त्याचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही. पाऊस उघडला की चढून नीट करतो असं ठरवून तो लावणीच्या कामाला लागला.

आणि मग ८ ऑगस्ट, नागपंचमीच्या आदला दिवस. मूर्तीसाठी घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, नेऊन द्यायचा होता म्हणून काकू चावी घेऊन गेली. पुढचं कुलूप जसंच्या तसं. दार उघडून ओटीवर गेली आणि तिथेच थांबली, कारण माजघर उघड्या दाराशिवाय भर दुपारीही काळोखं असतं आणि त्या सकाळी आत उजेड होता. मला फोन आला तेव्हा तिचं पहिलं वाक्य हेच होतं, "रे, माजघरात उजेड कसो?"

वरची सात कौलं काढून बाजूला रचलेली, खालच्या दोन रिपा, म्हणजे कौलं ज्यावर बसतात त्या लाकडी पट्ट्या, कापलेल्या. तिथून माळ्यावर, माळ्याच्या झडपेतून जिन्याने खाली. सामान बाहेर काढलं मागच्या दाराने, ते दार आतून कडी घालून बंद होतं, म्हणजे आत शिरलेल्याला नुसती कडी काढायची होती. बाराशेच्या कुलपाला कुणी हातही लावला नव्हता.

गेलं काय? तांब्याचे दोन हंडे, पितळेचं मोठं घंगाळ, तीन तपेली, दोन समया, चांदीचं तबक आणि निरांजन, दोन गॅस सिलिंडर, आणि विहिरीवरचा पंप केबलसकट. टीव्ही तसाच होता, जुना डब्बा टीव्ही, तो चोराला पण नको.

वर चढायची शिडी आमचीच होती. मे महिन्यात आंबे काढायला वापरलेली, गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेली. रिपा कापायला वापरलेली कोयतीही आमच्याच खोपीतली, ती माळ्यावर टाकून गेले.

पहिले दोन दिवस

इथे आमच्या सगळ्यात जास्त चुका झाल्या.

पहिली म्हणजे काकूने माजघर झाडलं. सात कौलांच्या भोकातून कित्येक दिवस पाऊस आत पडलेला, शेणाची जमीन, सगळा चिखल झालेला, पानं आलेली, ती बाई रडत रडत सुपाने पाणी काढत होती आणि चिखलात पावलांचे ठसे होते म्हणे, मोठे, बुटाचे. तिला कोण काय बोलणार, स्वतःचं घर समजून केलं तिने. पण फोनवर मी पहिल्याच मिनिटाला "कशाला हात लावू नको, आधी फोटो काढ" म्हणायला पाहिजे होतं, ते म्हटलं दहा मिनिटांनी, तोवर निम्मं झाडून झालं होतं.

दुसरी चूक काकांची. ते म्हणाले मालक येईपर्यंत पोलिसांत जायचं नाही, तक्रार मालकानेच द्यावी लागते. हे खरं नाही. अशा गुन्ह्याची खबर ज्याला कळलं तो कुणीही देऊ शकतो, काकू देऊ शकली असती, तिचा मुलगा देऊ शकला असता, पोलीस पाटलामार्फत कळवता आलं असतं, ११२ ला फोन करता आला असता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तर गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर जवळच्या ठाण्यात देता येते, आणि ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. म्हणजे काका डोंबिवलीतूनही सुरुवात करू शकत होते. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

एक गोष्ट बरोबर झाली, तीही काकूच्या मुलामुळे. पाऊस चालूच होता, छप्पर उघडं ठेवलं तर उरलेलं घर जाणार आणि कौलं लावली तर पंचनाम्यात काय दाखवणार. त्याने कौलांना हात न लावता वरून ताडपत्री टाकली, कडेने चिरे ठेवले आणि त्याआधी खालून, वरून, चारी बाजूंनी मोबाईलवर फोटो काढले. पुढे पंचनाम्याला तेच फोटो कामी आले.

त्याच रात्री मी आणि काका निघालो, ९ तारखेला नागपंचमीच्या दिवशी सकाळी पोचलो, दुपारी पोलीस ठाण्यात.

चोरी कधी झाली?

ठाण्यात पहिला खरा प्रश्न हाच आला आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. २१ जून ते ८ ऑगस्ट, म्हणजे सात आठवड्यांत कधीतरी. साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यात आमच्या बाबतीत आणखी एक गंमत, गंमत कसली डोकेदुखी, १ जुलैच्या आधी गुन्हा झाला असेल तर जुनी भारतीय दंड संहिता, नंतर असेल तर नवी भारतीय न्याय संहिता. जुन्यात घरफोडी ४५४, ४५७ आणि घरातली चोरी ३८०, नव्यात ३३१ आणि ३०५. आमची सात आठवड्यांची फट बरोबर त्या तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली.

याचं उत्तर दिलं वाडीतल्या तात्यांनी, वय ऐंशीच्या आसपास, आयुष्य शेतीत गेलेलं. माजघराच्या कोपऱ्यात भाताचं एक पोतं होतं, वरच्या भोकातून पाणी पडून ते भिजलं होतं आणि पोत्याच्या तोंडाशी भात रुजून हिरवी-पिवळी रोपं वर आली होती. पंचनाम्याला हवालदार आले तेव्हा तात्या पंच म्हणून उभे होते. त्यांनी वाकून एक रोप उपटलं, मूळ बघितलं आणि म्हणाले, "ह्यो तरवो पंधरा-वीस दिसांचो. काळोखात वाढलो म्हणान उंच दिसता, जास्त धरू नकात." रुजायचे चार-पाच दिवस धरले तर जुलैचा मध्य किंवा त्यानंतरचे काही दिवस. हवालदारांनी हसत हसत पण ते पंचनाम्यात लिहून घेतलं. फिर्यादीत एक तारीख न घालता दोन तारखांच्या "दरम्यान" असंच आलं, कलमं नव्या कायद्याची लागली. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या, आमच्या काकांना मागायलाच संकोच वाटत होता.

जुलैचा मध्य म्हटल्यावर काकांचा चेहरा उतरला, कारण १४ जुलैचं ते रद्द झालेलं तिकीट. मी त्यांना सांगितलं की तुम्ही जाऊन आला असतात तर चोर आठ दिवसांनी आले असते, पण ते काही त्यांच्या डोक्यातून जात नाही.

तारीख माहीत नसण्याचा तोटा नुसता कागदावरचा नाही. त्या रात्री हायवेला कुठली गाडी गेली, पेट्रोल पंपाचा कॅमेरा, भंगाराच्या दुकानात कुणी काय आणून टाकलं, हे सगळं तारखेवर चालतं. दुकानांच्या कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तीन आठवडे उशिरा गेलेल्या पोलिसांनी विचारायचं काय?

समोर कुठले पर्याय होते

तक्रार करायची की नाही, इथूनच वाद. विरारचा भाऊ म्हणाला भांड्यांसाठी कोण कोर्टाच्या खेपा घालणार, आत्या म्हणाली गावाचं नाव खराब होईल. काका मात्र अडून बसले, म्हणाले घंगाळावर वडिलांचं नाव आहे. खरंच आहे, पूर्वी लग्नात भांडी दिली की नाव आणि साल कोरून द्यायचे, त्या घंगाळाच्या काठावर आजोबांचं नाव आहे. तक्रार झाली ती या एका वाक्यावर.

यादीचा वाद वेगळाच. कुणीतरी म्हणालं देवघरातल्या डब्यात गौरीची सोन्याची नथ होती, लिहा. आत्याला आठवत नव्हती, काकांना आठवत नव्हती, फोटोत कुठे नव्हती. मी म्हटलं जे दाखवता येईल तेवढंच लिहायचं. मागच्या पाच-सहा गणपतींचे फोटो चाळले तर घंगाळ, दोन्ही समया, चांदीचं तबक स्पष्ट दिसत होतं, ते प्रिंट काढून जोडले. नथीवरून घरातलं एक माणूस अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण यादीत एक खोटी वस्तू घुसली की उरलेल्या दहा खऱ्या वस्तूंवर शंका येते, ह्यावर मी आजही ठाम आहे.

मग संशय. "कुणावर संशय आहे का?" असं विचारतातच. वाडीत दोन-तीन जणांनी आधीच सांगून ठेवलं होतं की वरच्या आंब्याच्या बागेतल्या नेपाळी गड्यांचं नाव घ्या. काकांच्या ते अगदी ओठावर आलं होतं. मी त्यांना बाहेर घेऊन गेलो, चहा पाजला. ते गडी हंगाम संपल्यावर जूनमध्येच गेले होते, बागायतदाराने स्वतः सांगितलं. पण कुणाच्या डोक्यात हा साधा हिशोब आला नव्हता, बाहेरचा माणूस म्हटला की बोट तिकडे. कुणावर संशय नाही असं लिहून दिलं. काकूच्या मुलाबद्दलही एक-दोघे कुजबुजले, चावी त्यांच्याकडे म्हणून. चावी लागलीच नाही त्या चोरीला! पण काकूच्या कानावर ते गेलं आणि तिने दोन दिवस चूल पेटवली नाही, हे मला पुढे कळलं.

आणि देवाचा पर्याय. देवळात जाऊन गुरवाकडून कौल लावायचा, चोर कुठल्या दिशेला ते विचारायचं, असं गावातल्या जाणत्यांचं म्हणणं. कौलं काढून चोरी झाली आणि कौल लावून चोर शोधायचा, मला हसू आलं पण मी हसलो नाही. काकांनी मधला मार्ग काढला, गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, पण कौल नाही मागितला, कारण कौलातून उद्या कुणाच्या घराची दिशा निघाली तर त्या माणसाचं गावात जगणं कठीण. काकांचा हा निर्णय मला पोलिसांत जाण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

काय केलं

गणपती ७ सप्टेंबरला होते, म्हणजे महिनाही नव्हता हातात. सुताराला बोलावून रिपा बदलल्या, कौलं लावली. मग खरी चर्चा पुढचा पावसाळा कसा काढायचा याची.

भावाचं म्हणणं चार कॅमेरे लावा. मी थोडी चौकशी केली. सिमकार्डवर चालणारा सोलर कॅमेरा मिळतो, राउटर लागत नाही हा मोठा फायदा, पण आमच्याकडे जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि पॅनेलवर शेवाळ चढतं. रात्रीच्या त्या लाल दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, कोळ्याने काचेवर जाळं विणलं की रात्रभर मोबाईलवर अलर्ट, चार दिवसांनी माणूस अलर्ट बंदच करून टाकतो. शेवटी एकच घेतला, मागीलदारी लावला. अट एकच, ऑफलाइन दिसला की त्याच दिवशी काकूच्या मुलाने जाऊन बघायचं. पहिल्या कॅमेऱ्याने ९ जूनपासून दोन महिने आम्हाला सांगितलं होतं की मला काही दिसत नाही, आम्हीच ते ऐकलं नाही.

पत्रे घालायचा विचारही झाला. खर्च परवडणारा नव्हता आणि काका म्हणाले पत्र्याखाली मे महिन्यात झोपून दाखव. त्याऐवजी माजघर आणि देवघराच्या वर, वाशांच्या खालून लोखंडी वेल्डेड जाळी मारली, म्हणजे कौलं काढली तरी माणूस खाली उतरत नाही. माळ्याच्या झडपेला खालच्या बाजूने कडी आणि कुलूप. हे काम अडीचशे रुपयांचं होतं, आणि तेवढंच आधी असतं तर चोर माळ्यावरच अडकले असते, निदान झडप फोडायचा आवाज तरी झाला असता.

मागच्या दाराला आडसर होताच, जुनं फणसाचं लाकूड, भिंतीतल्या खोबणीत सरकवायचं. तो कित्येक वर्षं माळ्यावर पडला होता. आता आडसर घालून त्याला आतून कुलूप लावतो, चावी घरात ठेवत नाही. यामागचा विचार एका हवालदारांनी सांगितला, आत शिरायला चोराला एवढंसं भोक पुरतं, पण घंगाळ आणि सिलिंडर बाहेर काढायला दार लागतं. आतून उघडणारं दार दिलं नाही तर जड सामान सहसा जागेवर राहतं.

शिडी आता काकूच्या पडवीत, साखळीने बांधलेली. कोयती, पहार, कुदळ सगळं ओटीच्या पेटीत कुलपात. पंप जूनमध्ये काढून आत ठेवायचा.

उरलेली चांदी बँकेच्या लॉकरमध्ये गेली. लॉकर म्हणजे पण पूर्ण निर्धास्त नव्हे, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२२ पासून चोरी वगैरे झाली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत, दोन हजार भाडं असेल तर दोन लाख. आमची चांदी त्यात बसते. विम्याचं बघितलं तर घरासाठी जी भारत गृह रक्षा पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आली तिच्यात मुळात आग, पूर, वादळ असले धोके आहेत, चोरी त्यात येते ती अशा घटनेनंतर सात दिवसांत झाली तर. नुसत्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. उरलेल्या सामानाची किंमत बघून आम्ही ते घेतलं नाही.

आणि काकू. या खेपेला तिच्याशी नीट बसून बोललो. आठवड्यातून दोनदा घर उघडायचं, पुढून आत जाऊन मागून बाहेर यायचं, वर बघायचं, आणि ग्रुपवर कळवायचं. महिन्याला पंधराशे रुपये. ती घेईना, "घरच्या कामाचे पैशे कसले" म्हणून. काकांनी शेवटी सांगितलं की पैसे घेतलेस तर मी तुला विचारू शकतो, नाहीतर मला विचारायची लाज वाटते. मग घेतले.

यात आणखी एक गोष्ट आपोआप झाली. पावसाळ्यात बंद घर ओळखायला चोराला काही कष्ट पडत नाहीत, पायरीवरचं शेवाळ कुणी तुडवलेलं नसतं, पायवाटेवर गवत गुडघ्याएवढं होतं, महावितरणचं बिल कडीत अडकून भिजत असतं, आणि पडवीतला दिवा रात्रंदिवस जळत असतो. तो दिवा आम्हीच सुरू ठेवून जायचो, घरात कुणी आहे असं वाटावं म्हणून! दिवसा बारा वाजता जळणारा बल्ब बघून कुणाला काय वाटणार. काकू जायला लागल्यावर पायवाट मोकळी राहिली, शेवाळ घासलं गेलं, बिल उचललं गेलं. दिव्याला टायमर लावला.

पुढे काय झालं

नोव्हेंबरात शेजारच्या तालुक्यात पंपचोरीच्या एका गुन्ह्यात दोघे पकडले गेले, त्यांच्याकडून भंगारवाल्यापर्यंत पोलीस पोचले आणि त्याच्याकडे आमचं घंगाळ आणि एक समई निघाली. हंडे वितळवायला गेले असणार. घंगाळ ओळखलं ते काठावरच्या नावावरून, बाकी नुसतं पितळ होतं, कुणाचंही असू शकलं असतं. समई फोटोवरून जुळवली. दोघांपैकी कुणी आमच्या गावचा नव्हता, बागेतला तर नव्हताच. एकाने दोन वर्षांपूर्वी वाडीत नळपाणी योजनेच्या खोदाईवर काम केलं होतं, म्हणजे घरं बघून ठेवलेली.

मुद्देमाल लगेच घरी मिळत नाही. कोर्टात अर्ज करून सुपुर्तनाम्यावर घ्यावा लागला, बोलावलं की हजर करायचा, विकायचा नाही, बदलायचा नाही. काका ते इतकं मनावर घेऊन बसलेत की घंगाळ चिंचेने घासूही देत नाहीत, कोर्टाने ओळखलं नाही तर काय म्हणून. नव्या कायद्यात ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते फिर्यादीला कळवायचं असतं, हे आम्हाला उशिरा कळलं, कळल्यावर काकांनी लेखी विचारलं आणि उत्तर आलं.

२०२५ चा पावसाळा काढला. कॅमेरा चार वेळा ऑफलाइन गेला, चारही वेळा वीजच होती, पण चारही वेळा काकूचा मुलगा जाऊन बघून आला. कौलं माकडांनी दोनदा फोडली, दोन्ही वेळा त्याच दिवशी चढून बघितलं. काकूला लिहिता येतं पण टाईप करायचा कंटाळा, ती ग्रुपवर आवाज पाठवते, दर बुधवारी आणि रविवारी, "माजघरात काळोख आसा." बस, एवढंच.

आता मागे बघताना

परत वेळ आली तर काय वेगळं करू? कॅमेरा बंद, गाडी रद्द, कौलं हललेली, या तीन खुणा तीन वेगवेगळ्या माणसांकडे होत्या आणि प्रत्येकाकडे तिचं साधं कारण तयार होतं. ग्रुपवर तेव्हा आम्ही लग्नाचे व्हिडिओ पाठवत होतो, काकूच्या मुलाने कौलांचा एक फोटो टाकला असता तर कुणीतरी म्हटलं असतं की कॅमेरा पण बंद आहे, जाऊन बघ. त्याला ग्रुपमध्ये घेतलंच नव्हतं, भावकीतला असून. आता घेतलंय.

परत निघताना ग्रुपवर, स्टेटसवर "चललो मुंबईक" करत स्टेशनचे फोटो टाकायची सवय मात्र अजून गेलेली नाही, या जूनमध्ये पण भावाने टाकला, मी फोन करून काढायला लावला.

पोलीस पाटलांना निघताना सांगून जातो आता. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ मध्ये आला तेव्हापासून गावात हे पद त्या कायद्याखाली आहे, पण आम्ही त्यांच्याकडे दाखल्याशिवाय कधी गेलो नव्हतो.

जाळीचा प्रश्न अर्धा राहिलाय. माजघर आणि देवघर झालं, ओटी आणि पडवीचं छप्पर तसंच आहे, विरारचा भाऊ म्हणतो ओटीवर चोरण्यासारखं काही नाही तर माझा वाटा कशाला, काका म्हणतात हत्यारांची पेटी तिथेच आहे. येत्या मे महिन्यात बसून ठरवायचं आहे, आणि काकूच्या पंधराशेचे दोन हजार करायचे तेही तेव्हाच.